फळीखालचा शेंदूर

अरविंदराव, मेघा, भूगर्भशास्त्र विभागातली मंडळी, मनीषनगरातले शेजारी, आणि खाप्याहून आलेले मॅडमच्या माहेरचे सगळे.

माईक हातात घेतला खरा, पण बोलणं हे माझं काम नाही. प्लास्टिक जोडणं हे माझं काम. मी दिवाकर बोरकुटे. धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांसाठी ॲसिडच्या टाक्या बनवतो. हे काम मला कोणी शिकवलं नाही. शीट जाळत, बोटं भाजून घेत शिकलो, आणि छातीवर हात ठेवून सांगतो, माझ्या टाकीचा जोड गळत नाही. मॅडम असत्या तर इथेच म्हणाल्या असत्या, भाऊ, जाहिरात पुरे.

समोर पाहा. फोटोजवळ, हारांच्या बाजूला, तळहाताएवढा एक पांढरा तुकडा आहे. त्यावर नारिंगी डाग आहे. आत येताना दोघातिघांनी मला विचारलं, हे काय? अरविंदरावांनी, मॅडमच्या यजमानांनी, तो घरून आणला आहे. मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

ठरवून आलो होतो ते वेगळं होतं. पण मघाशी विभागप्रमुख सर बोलले. फार आपुलकीने बोलले. बोलता बोलता म्हणाले, वैरागडे मॅडमना त्यांचा सर्वांत मोठा शोध उपकरणातल्या दोषामुळे मागे घ्यावा लागला. सरांची चूक नाही. ते नंतर आले, जे ऐकलं ते त्यांनी सांगितलं. पण ते उपकरण म्हणजे मी बनवलेलं कपाट. आणि त्या कपाटात दोष नव्हता.

हे सांगायची ही जागा आहे का? मलाही वाटलं, गप्प बसावं. पण या फोटोसमोर एक चुकीची गोष्ट तशीच सोडून घरी गेलो, तर मॅडम मला सोडणार नाहीत. तुम्ही त्यांना ओळखता.

त्यांचं काम मला समजलं तेवढं सांगतो. चुकलं तर मेघा दुरुस्त करेल, ती त्यांची विद्यार्थिनी आहे. दगडात युरेनियम असतं. ते फार हळू शिसं होत जातं. या शिशाचे काही प्रकार असतात, वजनात किंचित फरक. कोणता प्रकार किती आहे हे मोजलं, की दगड कधीचा आणि कुठून आला ते कळतं. मॅडम असं शिसं उल्कांमध्ये मोजायच्या आणि पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या दगडांमध्ये मोजायच्या. उल्का म्हणजे पृथ्वी घडताना उरलेली कतरन. हे उदाहरण माझं आहे. त्यांना आवडलं होतं, त्या वर्गात वापरायच्या.

आणि पृथ्वीच्या पोटातला दगड कुठे मिळतो? मी विचारलं होतं. आम्ही तेव्हा गाडीवर बर्डीच्या सिग्नलला उभे होतो, समोर किल्ल्याची टेकडी. त्यांनी हेल्मेटची काच वर केली, टेकडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “हे काय गा, समोर तर आहे. खालून वितळून आलं अन् इथं येऊन बसलं.” सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवत होते. मॅडम टेकडीच पाहत होत्या.

आता कपाट. दगड ॲसिडमध्ये विरघळवायचा, तोही हवा गाळून आत सोडणाऱ्या बंद कपाटात. कपाटात धातूचा कणही नको. मी बनवलं. संपूर्ण प्लास्टिक, जोडसुद्धा प्लास्टिकचे. फक्त बिजागरीच्या मागे एक स्टीलचा स्क्रू ठेवला, कोणाला दिसणार नाही असा. मॅडम कारखान्यात आल्या, चपला काढल्या, कपाटात अर्ध्या शिरल्या आणि आतूनच विचारलं, “भाऊ, हा स्क्रू काहून लावला गा?”

मी म्हणालो, मॅडम, तो कोणाला दिसत नाही.

“दगडाले दिसते,” त्या म्हणाल्या.

मी बिजागरी पुन्हा बनवली. राग आला होता. पण त्या दिवशी कळलं, आपल्या पंगतीचं माणूस भेटलं.

कपाट बसलं आणि मॅडमची आई खाप्याहून लेकीची प्रयोगशाळा पाहायला आल्या. मी दाराचं रबर बसवत होतो. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा. आई वैतागल्या. “मले काहून गुंडाळून राहिली वं? मी काय घाण आहो?” मॅडम म्हणाल्या, तू नाही माय, पण दगडाले समजत नाही. मग आई आत गेल्या, कपाटाला आतून-बाहेरून हात लावून पाहिला, हे फ्रिजसारखं दिसते म्हणाल्या आणि चहा प्यायला बाहेर आल्या. त्यांच्या कनवटीला मारुतीच्या शेंदराची पुडी होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढे मॅडमना एका काळ्या दगडात असं शिसं सापडलं, जे उल्केतल्या शिशाच्या बाजूला झुकत होतं. म्हणजे पृथ्वीच्या पोटात कुठेतरी एक कोपरा अगदी सुरुवातीपासून न ढवळता राहिला आहे. जगात पसरली असती ही गोष्ट. लेख स्वीकारला गेला, पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. कपाट माझं होतं.

मॅडमची एक पद्धत होती. दगड विरघळवताना सोबत एक रिकामं भांडं ठेवायचं. त्यात दगड नाही, काही नाही. पण ॲसिड तेच, धुणं तेच, मोजणं तेच. म्हणजे शेवटी त्या भांड्यात जे सापडेल, ते आपलं. आपल्या हातचं, आपल्या हवेचं. दगडाचं नाही. ही भांडी तोवर स्वच्छ आली होती. लेख स्वीकारल्यावर त्यांनी आणखी एक रिकामं भांडं चालवलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. त्यात शिसं निघालं.

मला बोलावणं आलं. विभागात सगळे माझ्या कपाटाकडे बोट दाखवत होते. शीटमध्येच असेल, जोडाच्या रॉडमध्ये असेल. मी म्हणालो, खोलून दाखवतो. मॅडमसमोर एकेक भाग सुटा केला. आतली वरची फळी उलटी केली, आणि खालच्या अंगाला बोटाएवढा नारिंगी टिळा. सुकलेला, कडेने झडत आलेला. खरा शेंदूर म्हणजे शिसंच. त्याची एखादी कणी कधी पडायची, कधी नाही. आणि ते शिसं फार जुन्या खनिजातलं, फारसं न बदललेलं, म्हणून उल्केतल्यासारखं. ते दगडाचं उत्तर उल्केकडे ओढत होतं.

मॅडम वाकून पाहत राहिल्या. मग हसल्या. म्हणाल्या, “माझ्या सायकलच्या सीटखाली अस्साच होता. पाटीच्या मागं होता. नव्या वस्तूले लावते माय, कोणाले दिसू नये तिथं.” आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

लेख त्यांनी त्याच आठवड्यात मागे घेतला. लिहिलं, कपाटात बाहेरचं शिसं सापडलं. अक्षरशः खरं. पण त्याआधी माझ्या कारखान्यात आल्या. उभ्या उभ्या सांगितलं, भाऊ, असं लिहिलं की लोक तुमच्या कपाटाले नावं ठेवतील. शेंदूर लिहिला तर खाप्यापर्यंत जाईल, अन् माय आयुष्यभर हेच घेऊन बसेल की लेकीचं काम माह्या बोटानं गेलं. “तुम्ही नाही म्हणाल तर शेंदूर लिहितो. तुमच्या कामाचा प्रश्न आहे.”

खोटं कशाला बोलू, मी लगेच हो म्हटलं नाही. माझ्या हातच्या कामाला कोणी सदोष म्हणावं? आणि ते मी ऐकून घ्यावं? मॅडमना चहा दिला आणि मशीनपाशी जाऊन उगाच एक शीट कापली. वाकडी कापली गेली. मग परत आलो आणि म्हणालो, लिहा. एक अट. ती फळी मी बदलून देणार, दुसरा कोणी हात लावणार नाही.

फळी बदलली. टिळ्याभोवतीचा तुकडा कापून त्यांनी मागून घेतला. तो हा. घरी देवाजवळ ठेवला. आईंनी विचारलं तर सांगितलं, तुझा टिळा आहे, सांभाळून ठेवला. आई खूश. मागच्या हिवाळ्यात आई गेल्या, तोवर त्यांना वाटत होतं, लेकीची प्रयोगशाळा मारुतीने राखली. नंतर मॅडम मला म्हणाल्या, भाऊ, आता शेंदराचं बोला. मी म्हणालो, आता कोणाले सांगू? तर आज सांगितलं.

तो दगड? उरलेल्या भागावर त्यांनी पुन्हा सगळं काम केलं. उत्तर साधं आलं, शेजारच्या दगडांसारखंच. मी हळहळलो. त्यांनी भिंगाखाली त्याचा उरलेला कपचा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “साधा आहे गा बिचारा. आपणच त्याले मोठा करून राहिलो होतो.” असं एखाद्या नातवाबद्दल बोलावं, तसं. मग पुढचा दगड घेतला. त्यानंतर काढलेल्या प्रत्येक लेखात शेवटी आभार मानताना माझं नाव आहे. कपाट बनवणारा, नागपूर. ती सगळी पानं मी लॅमिनेट करून ठेवली आहेत. त्याची जाहिरात मी करणार.

मेघा, बाळ, ते कपाट आता तुझ्याकडे आहे. रबर पाहायला मी सोमवारी येतो.

आता सगळे उभे राहू या. सर, तुम्हीही. मोबाईल बंद करा. एक विनंती आहे. या शांततेत सुरुवातीला काही घालू नका. आठवण नको, प्रार्थना नको, दुःखसुद्धा नको. रिकामं भांडं ठेवा. त्यात आपोआप जे पडेल ते आपलं, ते ओळखून बाजूला काढा. मग मॅडमना आठवा. म्हणजे जे उरेल, ते त्यांचं असेल.

मॅडम, कपाट स्वच्छ आहे.