पाहुण्यांसाठी

—नाही नाही, नळ गळत नाहीये, मी फोनवर खोटं बोलले. या ना आत, मिस्त्री भिया, चपला राहू द्या. बऱ्हाणपूरचे ना तुम्ही? मग मराठीतच बोलते. ही भिंत बघा. पलीकडे तुम्हीच बांधलेला संडास, अलीकडे माझ्या आजीची, अक्कासाहेबांची खोली; त्या तिकडे पलंगावर झोपल्यात. मला इथे दार पाडून हवंय. आज. आत्ता. माझे वडील, दादासाहेब, आणि काकासाहेब धारला साखरपुड्याला गेलेत, संध्याकाळशिवाय येत नाहीत. दादासाहेबांना विचारलं का? विचारलं असतं तर तुम्हाला चोरून बोलावलं असतं का मी?

तुमची चूक नाही हो. तुम्हाला सांगितलं पाहुण्यांसाठी, तुम्ही बैठकीत दार काढलंत. बरोबरच आहे. पण आमच्याकडे कोण पाहुणे येतात? नवरात्रात टेकडीवर देवीच्या दर्शनाला येणारे, तेवढेच. त्यांच्यासाठी एवढी चकचकीत फरशी? अक्कासाहेबांचा पाय मोडला म्हणून बांधला तो, सगळ्या घराला माहीत होतं — पण बोलायचं कुणी? मुलांनी आईच्या संडासाबद्दल बोलायचं? छे! खानदान आहे ना आमचं! तर काकासाहेब म्हणाले, पाहुण्यांची गैरसोय होते. दादासाहेब म्हणाले, हो, फार होते. इतकी वर्षं खाली देवघर आहे म्हणून संडास वरच हवा होता, पण पाहुण्यांचं नाव निघाल्यावर देवघरसुद्धा आड आलं नाही. आणि मग दोघं आपलंच बोलणं खरं मानून बसले. झाला पाहुण्यांचा संडास, जिथे दिवसभर पुरुषमाणसं बसतात तिथे दार. आता अक्कासाहेब त्या सगळ्यांसमोरून काठी टेकत तिकडे जातील? मेल्या तरी जाणार नाहीत.

मी बोलले ना! भर बैठकीत बोलले — हा अक्कासाहेबांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. सगळे पंख्याकडे बघायला लागले. आणि अक्कासाहेब त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझ्यावर रागावून. मतलब मीच बेशरम! खुर्ची? आणली की, ती भांडं बसवलेली खुर्चीपण आणली इंदूरहून. त्यांनी तिच्यावर चादर घातली, वर घड्या केलेली लुगडी ठेवली. माडीवरच्या संडासात कशा जातात विचारता? पायरीवर बसतात, मागे हात टेकून एक पायरी वर सरकतात, मग पुढची. आई पाय उचलते, मी काखेत हात घालते. एकदा सकाळी, एकदा रात्री. मधे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. औषधाच्या गोळ्या कोरड्या गिळतात, भिया. डॉक्टर म्हणाला, किडनी जाईल. दादासाहेबांनी काय केलं माहितीये? प्यायच्या पाण्याला तांब्याचा हंडा आणून दिला. मोठा. मला पुण्याला नोकरी लागलीये — हे घरात कुणाला सांगितलं नाहीये अजून, तुम्हालाच सांगतेय, कशाला सांगतेय कोण जाणे — पुढच्या महिन्यात जायचंय, आणि आईच्या एकटीच्याने त्या उचलल्या जात नाहीत. म्हणून दार हवंय. हो, माझ्यासाठीच हवंय, असं म्हणा हवं तर!

घाला ना छिन्नी. शिव्या मी खाईन. तुमचं नावसुद्धा — थांबा. एक मिनिट. हाक मारतायत. जाग्या आहेत वाटतं.

हो, आले, अक्कासाहेब! काय झालं? रडताय का? अहो, तुमच्यासाठीच — इथून सरळ आत जाता येईल, बैठकीत पाऊलसुद्धा टाकायला नको. कुणालाही दिसणार नाही. काय? मोठ्याने बोला ना. काय म्हणालात?

…

भिया, ठोकू नका. खाली ठेवा ते. म्हणतात, दिसणार नाही गं, पण आतला आवाज बैठकीत जाईल.

आता काय सांगू मी त्यांना? तुम्ही सांगा. आवाज जाईल! पोटच्या मुलांना ऐकू जाईल म्हणून —

हो हो, अक्कासाहेब, नाही पाडत. नाही म्हटलं ना. चला, वर जाऊ. आई! ये गं जरा, पाय धर.

नको, भिया, तुम्ही नका हात लावू. मागे व्हा. बाहेरच जा तुम्ही. तुम्ही उभे आहात तोवर त्या उठणार नाहीत, आणि त्यांना आता रोखून धरवत नाहीये. जा ना हो. जा!