कझाकस्तानात मीठ कोण पोचवतं?

हसू नका, पण इतकी वर्षं भूगोल शिकवून मी एका प्रश्नावर अडकलो. वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरच्या पूजाला डॉक्टरकीसाठी कझाकस्तानात प्रवेश मिळाला होता. तिचे आजोबा काही केल्या हो म्हणेनात. म्हणून तो देश समजावून सांगायला तिच्या वडिलांनी मला घरी नेलं.

मी नकाशा पसरला. "देश आपल्यापेक्षा जरासाच लहान, पण माणसं तुरळक. गहू आहे, तेल आहे, नजर पोचेल तिथवर गवत आहे. फक्त महासागराचा किनारा नाही."

गवताचं ऐकून आजोबा खूश झाले, पण किनाऱ्यापाशी अडले.

"समिंदर न्हाई? मंग मीठ कोन पोचवतं?"

त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर लादून समुद्रकाठचं मीठ गावोगाव पोचवायचे.

"मिठाची सोय न्हाई, तिथं लेकरू धाडायचं व्हय?"

मी घाईघाईनं मोबाईलवर शोधलं. "आजोबा, तिथं खारी तळी आहेत. अरल नावाचा समुद्र तर आटत गेला, मीठ उघडं पडलंय."

"मंग जाऊ द्या."

निघायच्या दिवशी पूजाच्या बॅगेचं वजन जास्त भरलं. उघडून बघतो, तर तळाशी दोन किलो मीठ.

"आजा, तिथं ढिगानं मीठ हाय ना!"

"ते त्यांचं. आपल्या घरचं माणूस एवढ्या लांब रिकाम्या पाठीनं कधी गेलं न्हाई."

मीठ गेलं, वजन जुळवायला लोणच्याची बरणी घरीच राहिली.