पुढचं बघून आलेला

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर जाडजूड कादंबरी होती.

"ताई, ऐक ना. तो काळाच्या पुढे जातो आणि तिचं काय होणार ते बघून येतो."

"पुरे तुझं पुस्तकपुराण! इथे माझं सगळं लक्ष त्या दाराकडे लागलंय."

"पण तो तिला सांगतच नाही गं! काय प्रेम असेल! तरी तिला कळतंच."

"कसं?"

"एकदम गोड वागायला लागतो ना, त्यावरून. ताई, आईला झालं तेच मला निघालं तर?"

"काहीतरी बरळू नकोस. तपासणी केलीय, एवढंच."

नर्स दारात आली.

"पेशंटने इथेच थांबायचं. नातेवाईक कोण आहे? डॉक्टरांनी आत बोलावलंय."

"ताई, तू जा. काही असलं तरी आज मला सांगू नकोस."

"बरं. आणि मिट ते पुस्तक, डोकं उठवलंस सकाळपासून."

बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"आलीस? काही बोलू नकोस हं."

"नाही बोलत. सरक जरा. थंडी वाजतेय का बाळा तुला? माझी शाल घे. आणि काय गं, त्या दोघांचं पुढे काय होतं? सांग ना, अगदी पहिल्यापासून सांग."

"ताई."

"काय गं राणी?"

"मला ओरड ना."