रानात सापडलेला पुदिना

छोट्या: म्हणजे तिसऱ्या तपासणीतही तेच?

ताई: तिसऱ्यांदाही. हे बघा, पानांतला वास मशीनमध्ये सुटा होतो आणि प्रत्येक घटकाचा एक सुळका उठतो. हा बुटका राहिलाय तो मेंथॉल, थंडावा देणारा. हा उंच, तो पुलेगोन. वासाला उग्र, लिव्हरला वाईट. मर्यादेच्या कितीतरी वर गेलाय.

छोट्या: मला ‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलीस?

ताई: नमुना घेऊन येतात त्या सगळ्यांनाच म्हणते.

छोट्या: ताई, अख्खं शेत याच पुदिन्याचं आहे. तेलवाल्यांची गाडी ठरलीय, हा अहवाल बघून ते माघारी फिरतील. सुळका जरा खाली नाही का दाखवता येत?

ताई: प्रार्थना केल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही आणि खोटा आकडा लिहीत नाही. माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे.

छोट्या: प्रार्थनेत माझं वाटोळं मागतेस वाटतं.

ताई: जे आहे ते दिसू दे, एवढंच मागते. तुमच्या बाबतीत तेवढं पुरतं.

छोट्या: (खिडकीतल्या कुंडीकडे जात) हा पुदिना आईचाच ना?

ताई: हात लावू नका.

छोट्या: काय वास आहे! आईच्या हाताला यायचा तसाच. माझी रोपंही याचीच, मग तिथे उग्र आणि इथे असा गोड कसा? आई काहीतरी करायची, नक्की. तुला शिकवलंय तिने. मी तेव्हा बाहेर हुंदडत असायचो.

ताई: करायची.

छोट्या: मग सांग ना. एका वाक्याचं काम असेल.

ताई: एकाच वाक्याचं आहे. आधी मला सांग, पुदिन्याच्या या वाणाला तुझं नाव मिळालं तेव्हा पेपरवाल्यांना काय म्हणालास?

छोट्या: जुनं कशाला उकरतेस?

ताई: काय म्हणालास?

छोट्या: रानात सापडला म्हणालो. लोकांना असलंच आवडतं. आईच्या परसातून आणला म्हटलं असतं तर कोण छापणार होतं?

ताई: ती बातमी तिने मला परत वाचायला लावली. तिला वाटलं, माझीच वाचण्यात चूक झाली. तुला एका शब्दाने बोलली नाही. चहात पुदिना घालणं तेवढं सोडलं, ते शेवटपर्यंत.

छोट्या: मला कुणी सांगितलंच नाही हे.

ताई: तू घरी येऊन चहा कधी घेतलास? आता सगळ्यांसमोर सांग, वाण आईचा आहे म्हणून. मग ते वाक्य तुझं.

छोट्या: आता? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. दुसरं काहीही माग.

ताई: दुसरं काही नको.

छोट्या: सख्खा भाऊ बुडताना बघशील?

ताई: आई गेली तेव्हापासून तुमचा नमुना या टेबलावर यायची वाट बघतेय मी.

छोट्या: ताई, निदान कधी खुडायचा तेवढं तरी.

ताई: रानात सापडला ना तुम्हाला? मग रानालाच विचारा.

छोट्या: अगं…

ताई: जाताना दार ओढून घ्या. तुमच्या हातांना वास आहे, आणि पुढचा नमुना दुसऱ्याचा आहे.