उजव्या बाजूचा कप

महिनाभर तुम्ही माझ्या मेकॅनिकचा नंबर मागताय ना, आज सांगूनच टाकतो.

रोडबाइकचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलं ज्याच्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग, मी घरीच बदलायला घेतला. अंबडच्या कंपनीत बारा वर्षं आटेच पाडतोय, मला कोण शिकवणार? डावीकडचा कप, म्हणजे बेअरिंगची आटेवाली वाटी, झकास बसला. उजवीकडचा काही केल्या आटे धरेना. ग्रीस लावलं, ब्रश मारला, तीनदा काढून घातला. शेवटी पान्याला लांब पाइप जोडला आणि फ्रेमवर गुडघा टेकला. आटे गेले असते तर अख्खी फ्रेम भंगारात.

आई शेजारीच टेबलफॅन पुसत बसली होती. म्हणाली, "अरे, जोर कशाला लावतोस? उलटा फिरवून बघ."

"आई, आटे आहेत ते. माझं रोजचं काम आहे."

"असू दे. या पंख्याची टोपीपण उलटीच बसते. फिरता फिरता सुटू नये म्हणून. तुझंही फिरतंच ना?"

मी पाइप बाजूला ठेवला, कप उलटा फिरवला. नुसत्या बोटांनी सरसर आत गेला.

त्यानंतरच्या रविवारी आपल्या राइडला त्र्यंबकच्या चढावर माझी सायकल कुरकुरली नाही, तेव्हा तुम्ही विचारलंत, कुणी बसवलं? मी म्हटलं, "आहे एक जुना माणूस, ओळखीचा."

तर तो जुना माणूस आत तुमच्यासाठी पोहे करतोय. नंबर कशाला हवा? हाक मारा.