कपाटातला पासपोर्ट

लेकाकडे आलेल्या मोहनतात्यांना सँडीफोर्डच्या ट्राममध्ये मागून मराठी ऐकू आलं आणि कानात साखर पडल्यागत झालं. जोडपं ब्राझीलचा पिक्चर बघून आलेलं.

"मुकादम मजुरांचे कागद काढून घेतो ना, तिथे मी रडलेच, यशोधन."

"माणसं विकतात, साले!"

"बरं, आपल्या मावशी परत पासपोर्ट मागत होत्या. लेकीचं बाळंतपण आहे म्हणे."

"दिलास की काय?"

"वेडी आहे का मी? त्या गेल्या तर ईशानला कोण सांभाळणार? म्हटलं, व्हिसा ऑफिसात अडकलाय."

"ग्रँड. कपाटाला कुलूप लाव पण."

"लावलंय. इतकं घरच्यासारखं ठेवलंय, तरी यांचं रडगाणं."

तात्या मागं वळले. "पोरी, मावशींच्या लेकीला कितवा महिना?"

दोघं एकदम इंग्रजीत बोलायला लागले.