आत दुमडलेलं कापड

ताई : …म्हणून तू त्या समुपदेशक बाईंना चोरून भेटलास?

धाकटा : चोरून कसलं? दार सताड उघडं होतं.

ताई : आणि म्हणालास, ताईला सांगा, तुमची किडनी जुळत नाही!

धाकटा : त्याच तुला एकटीला बसवून म्हणाल्या ना, भीती वाटत असेल तर नाही म्हणा, घरी आम्ही ‘जुळत नाही’ एवढंच सांगू. म्हटलं, सोय आहे तर वापरावी.

ताई : अरे शहाण्या, ती सोय देणाऱ्याची. घेणाऱ्याची नव्हे!

धाकटा : त्याही हेच म्हणाल्या. वर हसल्या.

ताई : हसतील नाही तर काय! उद्या सकाळी ऑपरेशन, आणि तुझ्या सहीचा कागद अजून कोरा. हा झगा कुणी शिवलाय रे? तीस वर्षं मशीन चालवतेय, पण असे पाठीवर बंद…

धाकटा : विषय बदलू नकोस. आई गेल्यापासून तुझंच घेत आलोय. आता हेही पोटातून काढून घेऊ?

ताई : (खिडकीच्या हलत्या पडद्याकडे बघत) मघाशी डोळा लागला होता माझा. स्वप्नात तुझी शाळेची विजार उसवत होते. दरवर्षी तुझे पाय लांबायचे, मी आत दुमडलेलं कापड खाली सोडायचे. पण आज ते संपेचना. खोलीभर पसरलं, खिडकीतून बाहेर गेलं. पार तिकडच्या टोकाला कुणीतरी बसलेलं, गुणगुणत माझ्याकडे कापड सरकवत होतं.

धाकटा : कोण?

ताई : चेहरा नाही दिसला. आवाज मात्र ओळखीचा.

धाकटा : तुझ्या देवाला शिवणकामही येतं वाटतं?

ताई : मग माणूस बेतला कुणी? एकीवर भागतं, तरी दोन दिल्या त्यानं. आत दुमडून ठेवलेलं कापड शिंपिणीचं नसतं सोन्या. ज्याला कमी पडेल त्याचं.

धाकटा : तुला काही झालं तर?

ताई : भीती वाटते ना. खोटं कशाला बोलू? त्या बाईंना म्हटलं, लिहा, भीती वाटते. आणि त्याच्याच खाली लिहा, तरी द्यायची आहे.

धाकटा : पाठ कर इकडे. बंद सुटलाय तुझा, बांधतो. आणि तेवढ्यात पेन शोधून ठेव.